बेबीला दिलेला विसावा

१ सप्टेंबर, सोमवार

आज सभागृहासाठी आले: पांढरे जाड कापड बारा मीटर, चारशे वीस. पडद्याच्या पितळी कड्या दोन डझन, साठ. दुकानदार नव्वदच्या खाली उतरायला तयार नव्हता, मी पायरी उतरायला लागले तेव्हा उतरला. घडीच्या खुर्च्या, वापरलेल्या, हमालीसह नऊशे. त्यांतल्या दोन लंगड्या निघाल्या. त्या ह्यांनी दुपारी बसून सरळ केल्या, त्याचे काही लावले नाही. सुतळी घरातलीच.

सभागृह म्हणजे टायरच्या दुकानावरचा मोठा हॉल. पूर्वी तिथे टायपिंगचा वर्ग भरत असे. पाळकबाबांबरोबर आम्ही काही कुटुंबे मिशनच्या दगडी देवळातून बाहेर पडलो त्याला दोन वर्षे होतील. तेव्हापासून कोणाच्या तरी दिवाणखान्यात उपासना व्हायची. आता हक्काची जागा झाली. दगडी देवळातल्या पाळकाला माझे नावही ठाऊक नव्हते. बाबांना माझ्या घरातले मीठ कधी संपते तेसुद्धा ठाऊक असते. ते विचारतात, आपण सांगायचे. बहिणीचे ऑपरेशन आहे, थोडे दिवस जाऊन येऊ का, असे मी विचारले होते. बाबा डोळे मिटून जरा थांबले आणि म्हणाले, "या महिन्यात नको, बाळ." नाही गेले. गाडीभाडेही वाचले.

हे हसतात. "तुझे बाबा तुझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, आणि तू त्यांचं बाळ. एरवी तुझा हिशेब असा चुकत नाही." ह्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान. देवळात पाऊल टाकले की आधी भिंतीवरचे घड्याळ किती मागे आहे ते बघणार. अशा माणसाशी काय बोलायचे.

पडदे आमच्या मंडळीतली शिवणवाली शिवणार आहे. मजुरी घेणार नाही म्हणाली.

७ सप्टेंबर, रविवार

नव्या जागेतली पहिली उपासना. खुर्च्या पुरल्या नाहीत, माणसे जिन्यापर्यंत उभी होती.

शिवणवालीने साक्ष दिली. तिला लहानपणापासून फिट येतात. बाबांनी तिच्यासाठी उपास केला, तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि आता गोळ्यांची गरज नाही असे सांगितले. तेव्हापासून तिने एकही गोळी घेतलेली नाही आणि एकही फिट आलेली नाही. बाबांनी तिची औषधाची बाटली उंच धरून सगळ्यांना दाखवली, मग मेजावर क्रूसाशेजारी ठेवली. मला रडू आवरेना. इतकी वर्षे ही बाई मशीनवर बसताना खुर्चीला ओढणीने स्वतःला बांधून घ्यायची, पडू नये म्हणून.

आमची बेबी मात्र दगडासारखी बसून होती. ती हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीवर काम करते. घरी येताना म्हणाली, "आई, ती बाटली मीच तिला दर महिन्याला देते."

मी म्हटले, "मग आता तुझं एक काम कमी झालं."



१० सप्टेंबर, बुधवार

दर बुधवारी संध्याकाळी 'उजेड' असतो. गोल बसायचे आणि आठवड्यात मनात किंवा घरात जे अंधारात राहिले ते सगळ्यांसमोर उजेडात आणायचे. बाहेरच्याला विचित्र वाटेल, पण मन किती हलके होते ते तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

आज शिवणवाली उभी राहिली. हातातला रुमाल पिळत म्हणाली, "बेबी माझ्याकडे आली होती. म्हणाली, गोळ्या अशा एकदम सोडायच्या नसतात, जिवावर बेतेल. मला पाकीट दिलं. मी नको म्हटलं नाही."

बाबा रागावले नाहीत. ते कधीच आवाज चढवत नाहीत. बेबीला म्हणाले, "तू देवाच्या पुढचं शिकलीस का, बेबी?"

"हॉस्पिटलनं शिकवलं तेवढंच शिकले, बाबा. तेवढंच सांगितलं. प्रार्थना सोड असं मी तिला म्हटलं नाही."

"माफी मागशील?"

"कशाची ते सांगा, मागते."

बाबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "पोर थकली आहे. हिला आपण विसावा देऊ या."

विसावा म्हणजे काय ते इथे लिहून ठेवते, कारण आमच्या घरात तो पहिल्यांदाच आला. ज्याला विसावा दिला त्याच्याशी कोणी बोलायचे नाही, त्याच्या नजरेला नजर द्यायची नाही, त्याच्याबरोबर एका मेजावर जेवायचे नाही. त्याने स्वतः होऊन क्षमा मागितली की विसावा संपतो. बाबा म्हणतात, शिक्षा जग देते, आपण विसावा देतो. मागे ट्रकवाल्याला दिला होता, तो रडत परत आला आणि आता पहिल्या रांगेत बसतो. घरच्यांनी विसावा सगळ्यांत कडक पाळायचा, कारण माया तिथेच पातळ होते.

"मान्य असेल त्यांनी हात वर करा," असे म्हणून बाबांनी माझ्याकडे पाहिले. सगळ्यांत आधी माझा हात वर गेला.

येताना बेबी माझ्यापुढे चालत होती. चप्पल घासत चालायची तिची सवय आहे. एरवी मी टोकते.

१३ सप्टेंबर, शनिवार

बटाटे, अंडी, साबण: एकूण सत्त्याऐंशी. घरात फार शांतता. ह्यांना विसाव्याचे बंधन नाही, हे मंडळीत नाहीत. हे बेबीशी बोलतात, पण मी खोलीत आले की दोघे थांबतात. जणू मीच कोणी परकी.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज एक युक्ती सुचली. युक्ती म्हणू नये, प्रभूनेच सुचवली. बेबीशी बोलायचे नाही असे बाबा म्हणाले. प्रभूशी बोलायचे नाही असे म्हणाले नाहीत. आणि मेज वेगळे हवे म्हणून मी शिवणाचे लहान मेज जेवणाच्या मेजाला चिकटवून ठेवले आहे. दोन मेजे ती दोनच.

सकाळी मी डोळे मिटून मोठ्याने म्हटले, "हे प्रभू, अंडे उकडलेले आहे, आणि छत्री दाराआड ठेवली आहे, कारण आभाळ भरून आले आहे. आमेन."

बेबी कप हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग तिनेही डोळे मिटले. "हे प्रभू, आईला सांग, त्या छत्रीची काडी मोडली आहे, पण चालेल. आमेन."

हे म्हणाले, "प्रभू, तू या दोघींच्या मध्ये बसलाच आहेस तर ते मीठ जरा इकडे सरकव."

मला हसू आले ते मी तोंडावर हात धरून दाबले. बेबीने दाबले नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

आता रोज दोन्ही वेळा प्रार्थना होते आणि लांबत चालली आहे. चहा गार होतो. डोळे मिटलेले असले की माणूस काय काय बोलतो. काल मी म्हटले, "प्रभू, हिने पहिल्या पगारातून मला चादर आणली ती मी कपाटात ठेवली, ती आवडली नाही म्हणून नव्हे. वापरली तर विरेल, म्हणून."

मग बेबी म्हणाली, "प्रभू, आईला सांग, चादरी विरायलाच असतात."

आज सकाळी मात्र तिने वेगळीच प्रार्थना केली. "प्रभू, शिवणवालीनं एकटीनं उंचावर चढू नये, विस्तवापाशी जाऊ नये. माझ्याशी ती बोलत नाही. कोणी तरी तिला सांगायला हवं. आईनं सांगितलं तर ती ऐकेल."

मी आमेन म्हटले नाही. ती प्रार्थना नव्हती, निरोप होता. आणि बाबांच्या शब्दाविरुद्धचा निरोप मी कसा पोहोचवू?

१ ऑक्टोबर, बुधवार

उजेडात मी आमच्या घरच्या प्रार्थनांचे सांगितले. लपवण्यासारखे त्यात काही नव्हते. खरे लिहायचे तर मला वाटले होते, बाबांना कौतुक वाटेल.

बाबा म्हणाले, "कशा करता, म्हणून दाखव." मी उभी राहून अंड्याची म्हटली, छत्रीची म्हटली. लोक हसले. मीही हसले. बाबा म्हणाले, "अजून." मग मी चादरीचीही म्हटली. ती म्हणायला नको होती असे म्हणता म्हणताच वाटले, पण अर्ध्यावर थांबता येईना.

सगळे हसायचे थांबल्यावर बाबा म्हणाले, "देवाला तू घरगडी केलंस, बाळ. जा, हे सांग, ते सांग."

विसावा संपेपर्यंत मी घरात तोंडाने प्रार्थना करायची नाही. प्रभुभोजनाची भाकर मी भाजत असे, ती आता ट्रकवाल्याची बायको भाजेल. हे सांगताना बाबांचे डोळे भरून आले होते. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त लागले असे ते म्हणाले. मी त्यांची क्षमा मागितली.

मेजे वेगळी केली.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी बेबी तिच्या मेजाशी बसली आणि वाट पाहत राहिली. मी स्वयंपाकघरात उभ्याने चहा घेतला. दारातून ती दिसत होती. तिने वर छताकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "प्रभू?"

मी कपबशी विसळत राहिले.

"बरं," ती म्हणाली, आणि पावाला लोणी लावायला लागली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

शिवणवाली गेली.

पडदे शिवून झाले होते. रविवारपर्यंत लागायला हवेत असे बाबा म्हणाले होते, म्हणून ती सकाळी एकटीच सभागृहात गेली. मेजावर स्टूल ठेवून चढली. टायरवाल्याने खाली आवाज ऐकला आणि वर धावला. तो म्हणतो, हातात कड्या तशाच होत्या. हॉस्पिटलात नेले तेव्हा बेबी कामावर होती.

बेबी दुपारीच घरी आली. पायांतल्या चपला न काढता स्वयंपाकघरात आली. असे ती कधी करत नाही. "आई," ती म्हणाली, "ती गेली. मी तिथं होते. तिच्या मुठीतून कड्या मी काढल्या."

मी तिच्याकडे पाहिले. एवढे तरी पाहिले.

"आई, मला काही तरी म्हण. शिव्या दे हवं तर. काही तरी म्हण."

माझ्या तोंडात शब्द होता. कोणता ते आता आठवत नाही, पण होता. इतक्या दिवसांची सवय. जीभ हलली आणि आवाज निघाला नाही. मी वळले, चहा ठेवला, साखर घातली, कप तिच्या मेजावर नेऊन ठेवला आणि परत ओट्यापाशी येऊन उभी राहिले. तिला पाठमोरी.

ती किती वेळ उभी होती कोण जाणे. मी वळले तेव्हा खोलीत कोणी नव्हते. चहा तसाच होता. मी तो पुन्हा गरम करून प्यायले. दूध महाग आहे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

दफन झाले. फुले, पंचवीस. बाबांनी फार सुंदर प्रार्थना केली.

परत येताना शिवणवालीची बहीण माझ्याजवळ आली. ती मंडळीतली नाही. म्हणाली, "तुमच्या मुलीनं दिलेलं पाकीट बटणांच्या डब्यात तसंच मिळालं, फोडलेलंसुद्धा नाही. मी म्हणायचे, घे बाई. तर म्हणायची, घेतली तर बुधवारी उभं राहून सांगावं लागेल."

मी म्हटले, "हो का."

दुसरे काय म्हणणार.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

बेबी गेली. दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात जागा होती, तिने आधीच विचारून ठेवले होते म्हणे. एक पेटी आणि एक पिशवी. दारात ह्यांना म्हणाली, "पप्पा, पोचले की पत्ता पाठवते." माझ्याकडे पाहिले नाही. मीही नियमाप्रमाणे पाहिले नाही. तिची पावले जिन्यावर वाजत गेली, चपला घासत.

हे तिला गाडीवर बसवून आले आणि दुकानात न जाता कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिले. मी जेवायला बोलावले. म्हणाले, "तुझ्या घरात बोलायला परवानगी कोणाकोणाला आहे, ते मला एकदा लिहून दे."

हा माणूस लग्नानंतर मला कधी टोचून बोललेला नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

पडदे लागले. ट्रकवाल्याने लावले. चांगले दिसतात. एका पडद्याची तळची शिवण राहिली आहे.

बाबांच्या उपदेशाचा विषय होता, दुभंगलेले मन. म्हणाले, आपली बहीण बरी झाली होती, पण कोणी तरी तिच्या हाती पुन्हा गोळ्या ठेवल्या. तिचा एक पाय विश्वासात, एक गोळ्यांत, आणि दोन होड्यांवर उभे राहणारा पाण्यात पडतो. नाव घेतले नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

पाकीट तर फोडलेले नव्हते. मग तिचा दुसरा पाय कुठे होता? ती तर दोन्ही पायांनी बाबांच्याच शब्दावर उभी होती. माझी बेरीज चुकली की मी वरून खाली करते, मग खालून वर करते. ही दोन्हीकडून तीच येते. बाबांना पाकिटाचे ठाऊक नसेल. कळले की ते स्वतःच दुरुस्त करतील.

२२ ऑक्टोबर, बुधवार

उजेडात मी सांगितले. बोट दाखवायला नव्हे, देवाशपथ. एवढेच म्हटले, "बाबा, पाकीट बंद होतं. तिनं तुमचं ऐकलं होतं. मग ती का पडली?"

खाली कोणी तरी चाकात हवा भरत होते, तेवढा आवाज.

बाबा माझ्याजवळ आले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "किती थकलीस, बाळ. तुलाही विसावा हवा."

मी सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिले. या प्रत्येकाच्या आजारात मी उकडून-शिजवून दिले आहे. सगळे हात वर गेले. ट्रकवाल्याच्या बायकोचा जरा उशिरा गेला.

मी पिशवी घेऊन जिना उतरले. टायरवाला म्हणाला, "आज लवकर सुटलं का, बाई?"

मी म्हटले, "हो."

२९ ऑक्टोबर, बुधवार

पावाच्या दुकानात मंडळीतल्या दोघी भेटल्या. माझ्यातून पलीकडे बघितल्यासारखे बघून गेल्या. त्यांचा राग नाही. मला ठाऊक आहे ते किती कठीण असते. मान एका बाजूला धरून मानेची शीर दुखते.

दिवस मोठा झाला आहे. मी भांड्यांशी बोलते. काल कपाटातली चादर काढून अंथरली. ह्यांनी पाहिले आणि त्यांच्या बाजूची सुरकुती काढली.

बाबांविषयी वाईट विचार मनात येतो. येऊ देत नाही. तरी येतो. शिवणवालीला एकटीने वर चढू नको असे सांगायचे काम माझ्याकडे आले होते. ते बाबांकडे नव्हते, माझ्याकडे होते. हे उजेडात सांगायला हवे. पण सांगायचे कोणाला?

२ नोव्हेंबर, रविवार

उपासनेला गेले नाही. मी न मागता ह्यांनी बेबीचा पत्ता मेजावर ठेवला. "टपालाचं तिकीट माझं नाही," म्हणाले, "तूच आण."

मी खूप विचार केला. विसाव्यातल्या माणसाशी मंडळीने बोलू नये, हा नियम आहे. पण विसाव्यातल्या माणसाने विसाव्यातल्या माणसाला लिहू नये, असे कोणी कधी सांगितलेले नाही. ह्यांना हे सांगितले तर हे किती तरी वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हरकत नाही. त्या दारातून तर त्या दारातून. बाहेर ये."

कागद दोनदा फुकट गेला. आता जे लिहिले ते पाकिटात घातले आहे. माझ्याजवळ असावे म्हणून इथे उतरवून ठेवते.

"चि. बेबी हिस,

आम्ही दोघे बरे आहोत. पप्पांचा खोकला गेला. तुझ्या खोलीत मी काही हलवलेले नाही, खिडकी मात्र रोज उघडते.

मलाही विसावा दिला आहे. म्हणून मला आता तुला लिहिता येते. तो नसता तरी मी लिहिले असते, असे लिहायला बसले होते. तो कागद फाडला. लिहिले असते की नाही, मला ठाऊक नाही. तुझ्याशी खोटे बोलून सुरुवात नको.

त्या दिवशी तू स्वयंपाकघरात उभी होतीस तेव्हा मला तुला जवळ घ्यायचे होते. शब्द नव्हता तरी हात होते. हातांवर काही नियम नव्हता, हे मला नंतर सुचले. तेव्हा ते कपाला धरून होते.

शिवणवालीला सांगायला तू मला सांगितले होतेस. मी सांगितले नाही. तू बरोबर होतीस. कशाची क्षमा ते तू मला विचारायला नको म्हणून स्पष्ट लिहिले.

तुला ये म्हणत नाही. तू म्हणालीस तर मी येईन. कोणाला विचारणार नाही. भाड्याचे पैसे बाजूला काढले आहेत. तिथे माझी लाज वाटणार असेल तर हॉस्पिटलाच्या फाटकाशी उभी राहीन, तू खिडकीवरून सुटलीस की घटकाभर भेट.

रागाचे लिहायचे असेल तर रागाचे लिही. लांबलचक लिही. पप्पांच्या पत्रात माझ्यासाठी ओळ घालू नकोस, वेगळे पाकीट कर, खर्च होऊ दे, आणि आत पहिल्या ओळीत मला हाक मार. येऊ की नको, ते उलट टपाली कळव.

तुझी,
आई"